खंडेनवमीचा सिलिंडर

फळ्यावरच्या समीकरणांखेरीज आयुष्यात मी फारसे काही लिहिलेले नाही. पन्नाशी उलटल्यावर आठवणी लिहायला बसणे माझे मलाच आगाऊपणाचे वाटते. वाचकांनी सांभाळून घ्यावे. पण एक सही अडली आहे, आणि ती का अडली हे चारचौघांत बोलून सांगणे मला जमत नाही.

धाराशिवच्या आमच्या महाविद्यालयात हायड्रोजन वायू सुरक्षितपणे कसा हाताळावा, हे संशोधकांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे. माझ्या सहीच्या प्रमाणपत्राशिवाय कोणालाही सिलिंडरला हात लावता येत नाही. यंदा सहाजण होते. तीन दिवस मी घसा कोरडा केला: या वायूला रंग नाही, वास नाही, पेटला तर ज्योतही उजेडात धड दिसत नाही, गळती नाकाने नव्हे, साबणाच्या पाण्याने शोधायची. लेखी परीक्षेत सर्वाधिक गुण मिळाले ते तेरहून एसटीने येणाऱ्या, चाळिशीला टेकलेल्या एका संशोधकांना. नोकरी सांभाळून ते प्रबंध पुरा करत आहेत, आणि त्यांची मुदत याच सत्रात संपते.

चौथ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी तराजूपासून भट्टीपर्यंत साऱ्या उपकरणांना आमच्याकडे हळदकुंकू लागते. मी पोहोचले तेव्हा सिलिंडरच्या गळ्यात झेंडूची माळ होती, वाऱ्याने दिवा जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि परीक्षेत पहिले आलेले माझे तेच विद्यार्थी रेग्युलेटरसमोर हातभर अंतरावर निरांजन ओवाळत होते.

मी ताम्हण त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतले, बाहेर नेऊन ठेवले आणि खिडक्या उघडल्या.

"मॅडम, आधी बघितलं की मी," ते गोंधळून म्हणाले. "वास काहीच येत नव्हता."

"हायड्रोजनला वास असतो का?"

"न्हाय. पेपरात लिहिलंय की तसं."

"पाच मार्काला व्हता तो प्रश्न," प्रयोगशाळेचे जुने परिचर दारातून म्हणाले. "पाचच्या पाच पडले सरांना!"

सगळे हसले. मी साबणाचे पाणी आणून रेग्युलेटरच्या जोडावर लावले. क्षणभर काहीच झाले नाही. मग एक बुडबुडा सावकाश फुगला. हसू थांबले. मी झडप बंद केली.

विभागप्रमुखांचे म्हणणे, "सणाचा दिवस होता, मॅडम. काही झालं तर नाही ना? करून टाका सही." मी मान खाली घातली, हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. माझ्या या स्वभावाची मला चीड येते.

त्यानंतर मी त्या संशोधकांची चाचणी दोनदा पुन्हा घेतली. माझ्यासमोर ते खिडक्या उघडतात, प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावतात, बुडबुड्याची वाट पाहतात. कुठेच चूक सापडत नाही. मी नसताना ते काय करतील, हे मात्र कोणत्या परीक्षेत विचारायचे ते मला कळत नाही.

प्रमाणपत्र खणात आहे. रोज सकाळी ते दाराशी उभे राहून अदबीने विचारतात, "मॅडम, आज होईल का?"

माझ्या जागी तुम्ही असता, तर सही केली असती का?