मुद्देमाल : एक कोयता

ती घटना आठवली की मी आजही खुर्चीवरून उठतो आणि घरातल्या घरात येरझाऱ्या घालू लागतो. बायको विचारते, "आता काय झालं?" झालेलं काहीच नसतं. होता होता जे राहिलं, ते मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

सहायक पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी बी.ए.ला प्रवेश घेतला. बारावीनंतर शिपाई म्हणून भरती झालो होतो, कॉलेज राहूनच गेलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही या वयात. त्यामुळे लिहिताना हात जरा अडखळतो. मध्यंतरी राज्यशास्त्राच्या मॅडमनी संघराज्यातलं सत्ताविभाजन शिकवलं. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे; केंद्राला राज्याची मर्यादा, राज्याला केंद्राची; आणि प्रत्येकाला दुसऱ्याला अडवण्याचा थोडा अधिकार. फळ्यावर तीन चौकोन आणि मध्ये बाण. मुलं बाण उतरवून घेत होती. मला त्या चौकोनांत बीड जिल्ह्यातल्या एका गावातल्या तीन इमारती दिसायला लागल्या. आमदारांचं कार्यालय, आमचं ठाणं आणि दोघांपासून जरा लांब असलेलं कोर्ट.

मी मूळचा कोकणातला. आमच्याकडे कोयता म्हणजे माडावर चढताना कमरेला अडकवायची वस्तू. खात्याची परीक्षा देऊन उपनिरीक्षक झालो आणि बदली बीडला झाली. ऊसतोडीला निघायचे दिवस होते. रस्त्याने ट्रक आणि ट्रॅक्टर, त्यांवर माणसं, पत्रे, शेळ्या, पाण्याच्या टाक्या.

एके दिवशी एक मुकादम ठाण्यात आला. मुकादम म्हणजे मजुरांना आगाऊ पैसे देऊन त्यांची टोळी कारखान्यावर नेणारा ठेकेदार. डोक्याला पट्टी, सोबत चार माणसं. त्याच्या टोळीतल्या एका तरुण मजुराने कोयत्याने वार केला, अशी त्याची फिर्याद होती. गुन्हा नोंदवला, तपास माझ्याकडे आला. तासाभरात ठाण्याचा फोन वाजला. नाव न सांगता कोणीतरी म्हणाला, "पोरगं एसटी स्टँडवर बसलंय. कोयता त्यानंच लपवलाय. त्यो निघाल्याबिगर सोडू नका."

पोरगा खरंच स्टँडवर होता. पळाला नाही, झटापट केली नाही. फक्त एवढंच म्हणाला, "मी मारलं न्हाई साहेब. मुकादम ट्रॉलीवरून पडला."

असं सगळेच म्हणतात. आम्ही अटक केली.

त्या संध्याकाळी निरीक्षकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. दोन वर्षांत निवृत्त होणार होते आणि तोवर कुणाला दुखवायची त्यांची तयारी नव्हती. म्हणाले, "आमदारांचा फोन होता. मुकादम त्यांचा माणूस आहे. सात दिवसांची कोठडी माग. कोयता निघाला पाहिजे. आणि निघाला की आधी मुकादमाला कळवायचं."

"त्याला कशाला, सर?"

"ओळखायला असेल. मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी आरोपीला कोर्टात हजर केलं. मॅजिस्ट्रेट मॅडम वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी आधी त्याला विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" त्याने नकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या. "सात दिवस कशासाठी?"

"गुन्ह्यातला कोयता जप्त करायचा आहे."

"एक कोयता शोधायला सात दिवस?" त्यांनी दोन दिवस दिले. पुन्हा हजर करताना वैद्यकीय तपासणीचा कागद सोबत हवा, असंही सांगितलं. म्हणजे अंगाला हात लावायचा नाही. मी मनातून चिडलो होतो. बाहेर आल्यावर हवालदार पुटपुटले, "यांना काय जातंय, खुर्चीवर बसून. शोधायचं आपल्याला."

कोठडीतला पहिला दिवस वाया गेला. "कोयता कुठाय?" विचारलं की पोरगा भिंतीकडे बघायचा. हवालदार खेकसले, "बोल की बे! तोंडात गूळ धरलाय का?" बाहेरच्या बाकावर मुकादमाचा एक माणूस दिवसभर बसून होता. चहा पीत होता आणि दर थोड्या वेळाने आत डोकावून विचारत होता, "निघाला का?" मला ते खटकत होतं. फिर्यादीला आरोपीला शिक्षा हवी असते. याला पोराचं काही पडलेलंच नव्हतं, त्याचं सगळं लक्ष त्या कोयत्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराला समोर बसवलं. हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे बोलण्याशिवाय मार्ग नव्हता.

"कोयता तू लपवलास?"

"हाव."

"मग दाखव."

"तुमी मुकादमाच्या हवाली करताल."

"मुकादमाला कशाला देऊ? तो मुद्देमाल आहे. कोर्टात जमा होईल."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "कोर्टात? मुकादमाला न्हाई?"

"नाही. जज सांगतील तेव्हाच सुटेल."

"आन मुकादम मागाया आला तर?"

"त्याने कोर्टात अर्ज करावा."

"त्यो आन अर्ज!" पोरगा हसला, मग एकदम गंभीर झाला. "लेखी देता?"

"पंचांसमोर लिहूनच घेणार आहे."

"खायाप्यायचं बघताल का?"

मला वाटलं, स्वतःचं विचारतोय. म्हटलं, "बघू की."

पंच म्हणून बाजारातले दोघे बोलावले, एक शिंपी आणि एक फळविक्रेते चाचा. त्यांच्यासमोर निवेदन लिहून घेतलं. 'कोयता मी लपवून ठेवला आहे, ठिकाण दाखवतो, काढून देतो.' लाख, सुतळी, लेबलं घेऊन आम्ही जीपने निघालो. सिरसाळ्याच्या अलीकडे कापसाच्या रानात एक खोप होती. पोराने जीप थांबवायला लावली. मला वाटलं, आता कुडात हात घालून हत्यार काढेल. तो लांबूनच ओरडला, "दादा! वयनी! या भायेर, भिऊ नका!"

एक तरुण बाहेर आला. त्याच्या मागे एक बाई, पोटुशी, सहज सातवा महिना असेल.

"हे काय?" मी विचारलं.

"कोयता," पोरगा म्हणाला.

हवालदारांनी कपाळावर हात मारला. "साहेब, आमच्याकडं टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणत्यात! डोकं फुटलंय म्हणल्यावर मीबी हत्यारच समजत बसलो."

चाचा लेबलांचा गठ्ठा हातात धरून उभे होते. म्हणाले, "साब, इनको लेबल कहाँ चिपकाने का?" हवालदार हसले. मला हसू येईना, कारण निरीक्षकांच्या केबिनमधलं वाक्य आठवलं. कोयता निघाला की आधी मुकादमाला कळवायचं.

बाई धीराची होती. "आमी काय चोरलंय का साहेब? या साली न्हाई येत म्हणलं, माझ्या अंगानं व्हणार न्हाई. तर टॅक्टरवर ढकलाया लागले. माझा धनी मधी पडला, दीर मधी पडला. त्या वढावढीत मुकादम खाली आला, त्याचं डोकं ट्रॉलीच्या हुकावर आदळलं. आमी तसंच पळालो."

"पोलिसांकडे का नाही आलात?"

तिचा नवरा म्हणाला, "ठाण्याच्या दारात त्येचीच माणसं बसत्यात."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. निरीक्षक. "निघाला का?"

मी म्हणालो, "सर, हत्यार नाही. नवरा-बायको आहेत."

ते म्हणाले, "घेऊन ये ठाण्यात. मुकादम इथंच बसलाय, ट्रॅक्टर आणलाय त्याने. त्याची माणसं तो घेऊन जाईल, आपली कटकट संपेल."

मी जीपमध्ये बसलो. चालक विचारत होता, "ठाण्यात ना साहेब?" ज्यांनी मला पगार द्यायचा, बदली करायची, गोपनीय अहवाल लिहायचा, त्यांचा तोंडी आदेश होता. मागे पोरगा भावाला समजावत होता, "भिऊ नको दादा. साहेबानं लिहून दिलंय, कोर्टात जमा करणार हायेत. मुकादमाला न्हाई." मी हत्याराबद्दल बोललो होतो. त्याने ते माणसांबद्दल ऐकलं होतं आणि त्या भरवशावर सगळं उघडं केलं होतं.

मी म्हणालो, "कोर्टात."

कोर्टाचं काम चालू होतं. या दोघांचे जबाब मॅजिस्ट्रेटसमोर व्हावेत असा अर्ज मी व्हरांड्यातच लिहिला. मॅडमनी तो वाचला, दोघांना आत घेतलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." नियमच तो. जबाब चालू असताना पोलीस आत नको. त्या बाकावर मी बसत होतो, उठत होतो. आत ती दोघं काय सांगतायत, त्यात माझ्याविरुद्ध काही आहे का, मला कळायचा मार्ग नव्हता. मोबाइल वाजतच होता. शेवटी उचलला.

"कुठं आहेस? आमदारांना काय सांगू मी?"

"सर, सांगा, कोयता कोर्टात जमा झालाय."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मुकादमाला हवा असेल तर अर्ज करू दे, सर."

फोन बंद झाला. फाटकाबाहेर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. मुकादम उतरला, फाटकापर्यंत आला, आत बघत राहिला. त्याला कोणी अडवलं नव्हतं. तरी तो आत आला नाही.

मॅडमनी दोघांना विचारून ती म्हणतील तिथे, म्हणजे बाईच्या माहेरी, सुखरूप पोचवायचा आदेश दिला. डॉक्टरांनी मुकादमाच्या डोक्याची जखम पडल्यानेही होऊ शकते असं लिहून दिलं. पोराला जामीन मिळाला, पुढे गुन्हा टिकला नाही. माझी बदली मात्र टिकली. यादीत व्यवस्थित नाव होतं, नियमाने होती. त्याला कुठलं कोर्ट अडवणार?

राज्यशास्त्राच्या मॅडमनी वर्गात विचारलं होतं, सत्ता विभागलेली का असावी? मी हात वर केला नाही. मला पुस्तकातल्यासारखं सांगता येत नाही. मॅजिस्ट्रेट मॅडमनी त्या दिवसांत धाडसाचं असं काही केलं नव्हतं. सात मागितले, दोन दिले आणि नियमाने मला बाहेर बसवलं. मात्र त्यांची खुर्ची आमदारांच्या फोनच्या टप्प्यात नव्हती आणि माझ्याही नव्हती. सात दिवस मिळाले असते तर मी त्या पोराला बोलतं केलं असतं, पण समोर बसवून नाही, आमच्या पद्धतीने. कोयता निघाला असता आणि ठाण्याच्या दारातून ट्रॅक्टरवर चढला असता. माझ्या कागदात हे कुठेही आलं नसतं. हा विचार आला की मी खुर्चीवरून उठतो.

त्या पोराने मला 'लेखी देता?' असं विचारलं, तेव्हा माझ्या ताब्यातलं असं द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. माझ्या हाताबाहेरची एक इमारत होती, तेवढीच मी त्याला दाखवू शकलो. त्याला तेवढं पुरलं.