विलायती डबा

कंजूष माणसं मी पाहिली आहेत आणि उधळीही पाहिली आहेत. माझा नवरा एकाच वेळी दोन्ही होता. मिठासाठी बाजारात तासभर घासाघीस करायचा, आणि चार लोक बघत असले की खिसा उलटा करायचा. याला तो इभ्रत म्हणत असे. आता मी त्याला ‘तो’ म्हणते; तेव्हा तोंडदेखलं ‘ते’ म्हणावं लागे.

चांद्यापलीकडे, गडचिरोलीच्या जंगलात लाकडाचा डेपो होता, तिथे तो कारकून होता. एका बाजूला रेंजरसाहेबांचा बंगला, दुसऱ्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि मधे सागाच्या लाकडांच्या थप्प्या. पहिलं बाळंतपण माहेरी आटोपून मी तान्ह्या मुलाला घेऊन तिथे आले आणि आल्याआल्या तापाने पडले. ताप उतरला, पण अंगावरचं दूध आटलं. उपाय साधा होता, एक दुभती शेळी घ्यायची. माझ्या वडिलांनी बाळाच्या हातावर ठेवलेले पैसे जवळ होते. सौदाही मी ठरवून ठेवला होता.

ते पैसे घेऊन महाशय डेपोच्या कामाने नागपूरला गेले आणि विलायती दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन परत आले. सोबत काचेची बाटली.

“आन् शेळी?” मी विचारलं.

“शेळी कोणीबी बांधते दारात. रेंजरसाहेबाच्या घरी हाच डब्बा हाये.”

रेंजरसाहेबांचा पगार किती आणि आपला किती, हा हिशेब दुसरीतल्या पोरालाही जमला असता. डेपोतल्या घनफुटांची बेरीज तोंडी करणाऱ्या या माणसाला तेवढा जमत नव्हता. डबा त्याने स्वयंपाकघरात ठेवलाच नाही. बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याच्या नजरेला पडेल असा फळीवर मांडला. त्यावर गुटगुटीत गोऱ्या पोराचं चित्र होतं. मी चमचाभर भुकटीत वाटीभर पाणी घालून दिवस ढकलले, तरी डबा संपायचा तो संपलाच.

“दुसरा पुढच्या पगाराले पाहू,” तो म्हणाला. आणि रिकामा डबा झाकण लावून पुन्हा फळीवर ठेवला.

मी भाताची पेज पाजू लागले. बाळ आधी जोरात रडायचं, मग बारीक आवाजात रडू लागलं, आणि पुढे तर रडायचाही कंटाळा करू लागलं. त्याचे पाय माझ्या बोटांएवढे दिसायला लागले. मी फार घाबरले होते. आणि बाहेरच्या खोलीत हा माणूस पाहुण्याला सांगत होता, “आमी तं डब्ब्याचंच देतो.” त्या वेळी तो डबा त्याच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

क्वार्टरांत जळणाच्या मोळ्या विकायला एक गोंड बाई येई. पाठीशी तिचं स्वतःचं पोर बांधलेलं असे. एके सकाळी मोळी टाकून ती दारात थांबली.

“बाई, काऊन असं कण्हून राह्यलं हे?”

“दूध नाई मले,” मी म्हटलं.

ती ओट्यावर बसली, हात पुढे केले आणि माझं बाळ अंगावर घेतलं. जात, शिवाशिव, लोक काय म्हणतील, यांतलं मला काहीही आठवलं नाही. बाळ गटागट पीत होतं, तेवढाच आवाज मी ऐकत होते आणि पदराने डोळे पुसत होते.

मग ती रोज येऊ लागली, नवरा डेपोत गेल्यावर आणि पुन्हा दुपारून. मी तिला पोटभर वरण-भात वाढी आणि वर तूप घाली. तूप आमच्या घरच्या साहेबांच्या वाट्याचं होतं. ते कमी का झालं हे त्यांनी दोनदा विचारलं, मी मांजराचं नाव सांगितलं.

बाळाने अंग धरलं, गाल वर आले. मग काय विचारता! डेपोत नवऱ्याची व्याख्यानं सुरू झाली. रेंजरसाहेबांच्या बाई बाळाला बघायला आल्या, तेव्हा याने फळीकडे बोट दाखवून सांगितलं, “डब्ब्याचीच करामत हाये, बाईसाहेब.” मी आत कपबशा विसळत होते. या माणसाशी आपलं लग्न झालंय याची मला शिसारी आली.

एका दुपारी डोकं दुखतं म्हणून तो लवकर घरी आला. ओट्यावर त्याचा वंशाचा दिवा गोंड बाईच्या मांडीवर पीत होता.

“बाटवलं माह्या पोराले!” असा ओरडला, की थप्पीवरचे मजूर बघू लागले. त्याने बाळ ओढून घेतलं. बाई उठली, आपलं पोर घेऊन समोरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. अर्धपोटी राहिलेलं बाळ त्याच्या हातात किंचाळू लागलं.

मी बाळाला घ्यायला हात पुढे केला नाही. फळीवरचा डबा काढला, झाकण उघडून त्याच्यासमोर ठेवला. “पाजा आता तुमीच.”

त्याने डब्यात पाहिलं. बाळाला हलवलं, थोपटलं, बाटली तोंडाला लावली. बाळ निळंजांभळं व्हायला लागलं. मग त्याने हळूच विचारलं, “तिले पैसे किती देतेस?”

“दोन वेळचं जेवण.”

त्याचे ओठ हलत होते; मनातल्या मनात बेरीज चालली होती हे मला स्पष्ट दिसत होतं. “मंग हे तं डब्ब्याहून सस्तं पडते,” तो म्हणाला. एवढं किंचाळणारं पोर हातात, धर्म बुडाला म्हणून आत्ताच सगळा डेपो गोळा केलेला, आणि शेवटी याला कळलं ते एवढंच!

बाळाला घेऊन तो उन्हात उतरला, मोहाच्या झाडापाशी गेला. “बाई,” त्याने हाक मारली, “याले पाजता का?” तिला ‘बाई’ म्हणताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं.

तिने मान वर केली नाही. “थांबा भाऊ,” ती म्हणाली, “माह्यं पोट्टं पिऊन राह्यलं.”

आणि सगळ्या डेपोदेखत तो थांबला.