मिरचीची शिंक मोजायची नाही

आमच्या दादाला नोकरीला लागून आता कितीतरी वर्षं झाली. पण त्या सगळ्या वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं म्हणाल, तर फारसं नाही. किस्से सगळे नोकरी नव्हती तेव्हाचे! घरात कुणा भाचरानं नुसतं "मुलाखत आहे" म्हटलं, की एकातून दुसरा किस्सा निघतो आणि चहा गार होतो.

तेव्हा साहेबाचं राज्य होतं. नंदुरबारात आमच्या ओट्यावर रोज तीन बी.ए. बसत. दादा, त्याचा मित्र बापू आणि शहाद्याचा रघुनाथ. तिघेही पुण्याहून पदवी घेऊन आलेले आणि तिघेही रिकामे. मी मॅट्रिकला होते. आमचे वडील, अण्णा, शाळामास्तर. ते येता-जाता म्हणत, "गावात एवढी विद्या एकाच ओट्यावर बसलेली मी पहिल्यांदाच पाहतोय!"

बापू आणि रघुनाथला घाई नव्हती. दादाला होती. सारंगखेड्याच्या आबांची मुलगी, इंदू, त्याच्यासाठी सांगून आली होती. रीतीप्रमाणे अण्णा, आई आणि मी तिला पाहून आलो. दादानं पाहायचं ते लग्नातच! मुलगी आम्हांला फार आवडली. पण आबांनी स्वच्छ सांगितलं, "पोऱ्या चांगला शे. पन नोकरी पाहिजे. आखाजीलोंग वाट दखसू. मंग दुसरं घर."

म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत. आईनं तिथूनच देव पाण्यात ठेवले.

* * *

आता नंदुरबारची एक अडचण ऐका. थंडी पडली की गावाबाहेर मैलभर लाल मिरची वाळत पडते. वारा गावाकडं फिरला, की सगळं गाव शिंकतं. माणसं शिंकतात, बैल शिंकतात, देवळातला पुजारी आरतीत शिंकतो.

आणि आईचा नियम असा, की कुणी बाहेर निघताना कुणीही शिंकलं, तर निघणाऱ्यानं परत फिरून बसायचं, पाणी प्यायचं आणि मग निघायचं.

दादाला सुरतेहून मुलाखतीचं बोलावणं आलं. इस्त्रीचा कोट घालून तो ओटा उतरला आणि अण्णा शिंकले.

"बठ. पानी पे. मंग जाय," आई म्हणाली.

दादा बसला, पाणी प्याला, उठला. बापू शिंकला. पुन्हा बसला, पाणी प्याला, उठला. या वेळी मी शिंकले. मी नाक दाबून धरलं होतं हो, पण आली! चौथ्यांदा आई स्वतःच शिंकली.

तेवढ्यात स्टेशनावरून सुरतेच्या गाडीची शिट्टी ऐकू आली.

"सुरतेला नोकरी आहे," दादा तांब्या हातात धरून म्हणाला, "आणि मी इथं पाणी पितोय!"

त्या दिवशी घरात कायदा झाला. दादानं मांडला आणि आईनं पुष्कळ विचार करून मान्य केला. मिरचीची शिंक मोजायची नाही!

"पन वयखानी कशी?" अण्णांनी मुद्दाम विचारलं.

ओळखायची खूण आईनंच काढली. "डोळाले पानी उनं, त मिरचीनी. डोळा कोल्ला, त खरी." म्हणजे कोरड्या डोळ्याची शिंक तेवढी खरी! आणि लगेच सगळ्यांना दम भरला, "हाई घरनी गोट शे. भाहेर कोनले सांगशात नका. लोके हासतीन!"

* * *

बापूनं मात्र सुरत-बिरत सोडून गावातच प्रयत्न केला. मिरचीच्या एका गुजराती व्यापाऱ्याला पत्रव्यवहार सांभाळायला माणूस हवा होता.

शेठनं विचारलं, "इंग्रजी येतं?"

"येतं."

"हिशेब?"

"येतो."

शेठ खुश झाला. त्यानं नमुन्याची मूठभर मिरची बापूपुढं केली, "हा आपला माल." बापूनं कौतुकानं वाकून वास घेतला आणि जो शिंकायला लागला, तो पेढीची पायरी उतरेपर्यंत शिंकतच होता!

शेठ हळहळला. म्हणाला, "भणतर तो बहु सारुं. पण नाक काचुं छे!"

शिक्षण उत्तम, पण नाक कच्चं! त्यानंतर किती दिवस बापूला आम्ही 'काचुं नाक'च म्हणत होतो.

* * *

रघुनाथची गोष्ट वेगळी. एका कचेरीत त्याला सांगण्यात आलं, "जागा मॅट्रिकवाल्याची आहे. बी.ए. टिकत नाहीत." मग दुसऱ्या एका कचेरीत त्यानं आपली पदवी गिळून टाकली आणि मॅट्रिक म्हणून चिकटला.

एकदा हेडक्लार्कनं त्याला धुळ्याच्या साहेबाला जायचं पत्र लिहायला दिलं. रघुनाथनं जीव ओतून लिहिलं. धुळ्याहून शाबासकी आली. पत्र लिहिणाऱ्याला नव्हे, हेडक्लार्कला! वर सूचनाही आली, की यापुढची सगळी पत्रं अशीच यावीत.

हेडक्लार्कला घाम फुटला. त्यानं रघुनाथला बाजूला घेतलं. "खरं सांग, तू बी.ए. ना?"

"हो."

"मग उद्यापासून येऊ नको, बाबा. आज तू आहेस, उद्या दुसरीकडं जाशील. मग मी काय करू? इतकं चांगलं इंग्रजी आपल्या कचेरीला परवडणार नाही!"

* * *

मार्गशीर्षात सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा भरली. तिथं नाक्यावर येणारे-जाणारे घोडे मोजायला माणूस हवा होता. जत्रेपुरतंच काम. होणारे सासरे त्याच गावचे, म्हणून आई नको म्हणत होती. पण दादा हट्टानं गेला.

पहिल्याच दिवशी एका घोडेवाल्यानं विचारलं, "बाबूजी, कितना पढ़े हो?"

"बी.ए."

घोडेवाला विचारात पडला. त्याच्या धंद्यात सगळा भाव दातांवर. "बी.ए. मतलब कितने दाँत का हुआ?"

आणि खरं सांगते, त्यानं दादाची हनुवटी धरली होती!

जत्रा संपली, काम संपलं. दादा उन्हानं काळवंडून परत आला, पण चेहरा असा, जसा काही मामलेदार झालाय.

"काम ते सरनं. मंग इतला खुश कसा रे?" आईनं विचारलं.

"हवा चांगली आहे गं तिथली," दादा म्हणाला. "तापीचा काठ ना!"

* * *

माघात बाजारखात्याचा एक मोठा साहेब पुण्याहून नंदुरबारला आला. गावच्या बाजारावर देखरेखीला माणूस नेमायचा होता. बाहेरगावचे सात-आठ उमेदवार, सगळ्यांचे कोट दादाच्या कोटापेक्षा झकास. आणि त्याच सकाळी वारा गावाकडं फिरला!

आत एकेक उमेदवार जाई आणि नाकाला रुमाल लावून बाहेर येई. साहेबाचे तर डोळे लाल झालेले. दादा आत गेला. नाव सांगताना शिंकला, गाव सांगताना शिंकला, पण एकही वाक्य त्यानं अर्धं सोडलं नाही.

साहेबानं एकच प्रश्न विचारला, "हे थांबतं कधी?"

"होळीनंतर, सर."

"मी आजच चाललोय," साहेब म्हणाला. "तुम्ही राहा!"

* * *

आखाजीची वाट न पाहता आम्ही सुपारी फोडायला सारंगखेड्याला निघालो. दोंडाईच्यापर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी, मग नावेतून तापी पार. दादालाही आबांनी आग्रहानं बोलावलं होतं. आईनं व्याह्यांसाठी नंदुरबारच्या मिरचीचं गाठोडं घेतलं होतं.

बैठक भरली. आबांनी गाठोडं सोडून मिरची हातात घेतली, रंग वाखाणला. मग सुपारी उचलली, "मन्ही पोर तुमना घर..." म्हणाले आणि दणकन शिंकले!

बैठक गार. आबांचे थोरले भाऊ म्हणाले, "आबा, सुपारी खाले ठेव. आज नको." दादाचा चेहरा उतरला. आईनं तोंडाला पदर लावला. घरची गोष्ट चार लोकांत ती सांगणार कशी?

तेवढ्यात माजघराच्या दाराआडून इंदूचा आवाज आला. बारीक, पण अगदी ठाम.

"आबा, तुमना डोळाले पानी उनं. मिरचीनी शिंक शे ती. ती मोजतस नही."

आबांनी डोळ्यांना हात लावून पाहिला. ओला होता. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा दादाकडं पाहिलं आणि खळखळून हसत सुपारी फोडली.

सगळे गूळ घेत होते. आई दादाच्या कानाशी वाकली.

"काय रे, तू जत्रामा घोडाच मोजे ना?"