दारातल्या चपला आणि शुभांगीताई

शुभांगीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. आमच्या घराच्या तळमजल्यावर माझी बायको मनीषा बालवाडी चालवते, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी खोकी वर-खाली करायचं काम माझ्याकडे असतं. मुलं नुकतीच घरी गेली होती. टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. त्या दिवशी झाडलोटीला नव्या मावशी येणार होत्या, म्हणून मी मालकाच्या रुबाबात म्हणालो, "मावशी, तिथलं राहू द्या, आधी बाथरूम धुऊन घ्या." एक बाई बाहेर निघाल्या, साडी झटकली, बाथरूम कुठे आहे ते विचारलं आणि खरंच तिकडे गेल्या. परत येऊन मनीषाला म्हणाल्या, "उंबरा लय उंच हाय गं. कुबडीवालं लेकरू आलं तर अडकंल." मग माझ्याकडे वळल्या. "धुतलेलंच हाय, भाऊ." मी हातातलं खोकं तसंच घेऊन जिना चढलो.

ताई मूळच्या सायखेड्याच्या. नाशिकपासून येवल्यापर्यंतच्या बालवाड्यांमधून एसटीने फिरायच्या. जे मूल बोलत नाही, चालत नाही, एका जागी बसत नाही, त्याला इतर मुलांमध्येच कसं सामावून घ्यायचं, हे तिथल्या बाईंना शिकवायचं, हे त्यांचं काम. आमच्याकडे त्या आल्या ओवीमुळे. चार वर्षांची ओवी बोलत नसे. प्रार्थना सुरू झाली की कान दाबून टेबलाखाली शिरायची आणि डोकं आपटायची. तिथून तिला काय दिसतं, हे बघायलाच ताई आडव्या झाल्या होत्या. इतर पालकांच्या तक्रारी सुरू होत्या. ओवीच्या आईला 'दुसरीकडे बघा' हे कसं सांगायचं, याची तालीम मनीषा माझ्यासमोर करायची आणि अर्ध्यावर रडायची.

मी शहाणपणाने सुचवलं, की जाणकार तुम्ही आहात, तर तासभर ओवीला तुम्हीच घेत जा. ताई म्हणाल्या, "मी घेतली की ती माझी होईल. आन् मी तर येवल्याच्या गाडीत बसणार." त्या ओवीजवळ कधी बसल्याच नाहीत, मनीषाच्या मागे बसायच्या. मनीषाचं रडगाणं सुरू झालं की म्हणायच्या, "ती काय करत नाय ते नको सांगू. काय करती ते सांग."

ओवी करायची ती एकच गोष्ट. दारातल्या चपला जोडीजोडीने लावायची. ताईंनी तेच धरलं. प्रार्थनेच्या वेळी ओवीने बाहेर चपला लावायच्या, आत आम्ही गाणं हळू म्हणायचं. डोकं आपटणं थांबलं. मी पेढे आणायच्या बेतात होतो. अशात एक दिवस ओवीची आई विसरलेला डबा द्यायला परत आली. सगळी मुलं आत हात जोडून उभी, आणि तिची मुलगी बाहेर लोकांच्या चपला उचलतेय.

ती ओरडली नाही. "मॅडम, बोलत नाही म्हणून चपलांना ठेवलंत का हो तिला?" एवढंच म्हणाली आणि ओवीला कडेवर घेऊन निघून गेली.

मनीषा समजवायला निघाली, तर ताईंनी तिला थांबवलं आणि स्वतः गेल्या. स्कूटरवरून मीच सोडलं. दारातच म्हणाल्या, "चुकलं माझं, बाई. मी लेकराकडं पाह्यलं, आईकडं पाह्यलं नाय." त्या माउलीने बराच वेळ दार धरून ठेवलं आणि मग पाणी विचारलं.

सोमवारपासून चपला सगळ्यांनी पाळीपाळीने लावायच्या ठरल्या, ओवीच्या जोडीने. पहिली पाळी मनीषाची, दुसरी माझी. मी डावी-उजवी उलटी ठेवली. ओवीने माझा हात बाजूला केला आणि जोड नीट लावला. पुढे ती प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीला आत येऊन दाराशी बसू लागली. बोलत नाही, अजूनही नाही. पण आमच्याकडेच आहे.

ताई वाळत चालल्या होत्या. एसटीच्या फिरतीत जेवण होत नाही, म्हणायच्या आणि आम्हीही ते खरं मानलं. दिवाळीत त्यांना बघायला दवाखान्यात गेलो, तेव्हा मी चुकून शेजारच्या पलंगाला नमस्कार केला, इतक्या त्या ओळखू येत नव्हत्या. स्वतःविषयी काही बोलूच देईनात. ओवी कुठं बसते, विचारलं. दाराशी, मनीषा म्हणाली. "पंख्याखाली नको बसवू," ताई म्हणाल्या. "त्याची घरघर सोसत नाय तिला."

संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. अंत्यविधीला सायखेड्याच्या, येवल्याच्या, कुठकुठल्या बालवाडीताई आल्या होत्या. एकमेकींना ओळखत नव्हत्या. एकीने दुसरीला विचारायचं, तुमच्याकडे कोण? आणि दुसरीने एखाद्या मुलाचं नाव सांगून डोळ्यांना पदर लावायचा.

जूनमध्ये एक जोडपं आलं. मुलाला ऐकू येत नव्हतं, बऱ्याच ठिकाणी नकार ऐकून झाले होते. मनीषा त्यांच्याशी छान बोलली, मुलाला जवळ घेतलं, त्यांना हसत फाटकापर्यंत सोडायला गेली. ती परत येईना, म्हणून मी बाहेर गेलो. फाटकाची कडी हातात धरून ती तशीच उभी होती.

"सोमवारी घेऊन या म्हणाले त्यांना," ती म्हणाली. "मनात म्हटलं, पुढचं ताईंना विचारू. आणि कडी लावताना आठवलं हो."