गुंडप्पांच्या हातून फुटलेल्या तीन बांगड्या

गुंडप्पा बांगडीवाल्यांच्या हातून बांगडी फुटत नाही, अशी आमच्या लातुरात ख्याती होती. हात कितीही राठ असो, गप्पा मारता मारता बोटं दाबत ते चुडा कधी चढवून मोकळे व्हायचे, कळायचं नाही. भूकंपाआधी किल्लारीकडच्या खेड्यांत त्यांचं सगळं गिऱ्हाईक होतं. एका पहाटेत ती गावं आडवी झाली. भरायला हातच उरले नाहीत, तेव्हा ते पेटी घेऊन नांदेडला जाऊ लागले. नांदेडात कुठं जाता, असं विचारलं तर मात्र विषय बदलायचे.

ते वेश्यावस्तीत जातात हे मला कळलं आणि मी भडकले. मी शाळामास्तरीण, माझं सोवळं जरा जास्तच कडक. तिथल्या बायकांचे हात धरून आलेला माणूस माझा हात धरणार? मी नाक मुरडलं आणि त्यांच्याकडून बांगड्या भरणं बंद केलं. त्यांनी का म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. पुढं लातुरात त्यांच्या दुकानाच्या आसपास क्लासेसचा ट्यूशन एरिया उभा राहिला आणि पोरींची रीघ लागली. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी बांगड्या कुठल्या भरतात? गुंडप्पांनी दुकानात केसांची रबरं टांगली. गेल्या वैशाखात नातीसाठी रबरं घ्यायला मी नाइलाजानं त्यांच्या दुकानात शिरले, आणि त्या दिवशी मला सगळं कळलं. त्यांनी सांगितलं ते आधी सांगते.

त्या गल्लीत ते सकाळी अकराला पोचायचे. बायका नुकत्याच उठलेल्या असायच्या, डोळे सुजलेले. एकेक जण येऊन हात पुढं करायची आणि बांगड्या भरून झाल्या तरी हात काढून घ्यायची नाही.

"हात धरून काही न मागणारा मी एकलाच होतो तिथं, बाई," गुंडप्पा म्हणाले.

कुणी पाऊसपाण्याचं विचारायची. कुणी दरवर्षी सांगायची, यंदा दिवाळीला माहेरी जाणार हाय. त्यांतली एक नागम्मा, तेलंगणाकडची. तिची मुलगी सुकन्या भूकंपाच्या पुढच्याच वर्षी जन्मलेली. तान्ही असताना तिला काळ्या बांगड्या गुंडप्पांनीच घातल्या होत्या.

सुकन्येला बारा वर्षं पुरी झाली आणि घराच्या मालकिणीचा निरोप आला: पोरीला हिरवा चुडा भरायचाय. या मालकिणीला सगळ्या अक्का म्हणत. तिच्या घरात हिरवा चुडा भरला की पोर धंद्याला लागली, हे गुंडप्पा जाणून होते. नागम्मा दाराला टेकून उभी होती. अक्कापुढं नको म्हणायची तिची छाती नव्हती. तिनं गुंडप्पांकडं नुसतं पाहिलं.

गुंडप्पांनी पहिली बांगडी चढवता चढवता मुद्दाम दाबली. फुटली. अक्काचा चेहरा उतरला. दुसरी फुटली. तिसरी तर त्यांनी जोर लावायच्या आतच फुटली. त्याचं त्यांनाही नवल वाटलं. अक्कानं कानाला हात लावले.

"देवीची मर्जी न्हाई," गुंडप्पा म्हणाले. "सव्वा महिना थांबा."

पोरीला ओरखडासुद्धा उठला नव्हता. काचा त्यांनी आपल्या तळहातावर झेलल्या होत्या. मग नागम्माच्या हातात बांगड्या भरता भरता त्यांनी तिच्या कानावर घातलं: किनवटच्या निवासी शाळेत शांतम्माबाई आहेत, माझ्या जुन्या गिऱ्हाईक, माझं नाव सांग. आठवड्याच्या आत मायलेकी अक्काची नजर चुकवून किनवटच्या गाडीत बसल्या.

गुंडप्पांना मात्र त्या गल्लीत पुन्हा कुणी बोलावलं नाही. 'म्हाताऱ्याचा हात बिघडला' ही बोलवा लातूरपर्यंत आली. मीही ऐकली होती, आणि खोटं कशाला बोलू, बरी खोड मोडली असंच मला वाटलं होतं.

तर त्या दिवशी मी रबरं निवडत होते. पंचविशीची एक मुलगी आत आली, मागं तिची आई. मुलगी ट्यूशन एरियातल्या वसतिगृहाची रेक्टर, आई तिथंच स्वयंपाकाचं बघते, असं तिनंच सांगितलं.

"लग्नाचा चुडा भरायचाय, काका."

गुंडप्पांनी तिच्या आईकडं निरखून पाहिलं. "नागम्मा? मग ही सुकन्या?" हसू आणि रडू एकदमच आलं त्यांना. पण हात मागं घेतला. "दुसऱ्याकडं जा, पोरी. माझा हात तुला लाभत न्हाई. आता खरंच थरथरतोय. तीन फोडल्यात मी तुझ्या."

"दोन," सुकन्या म्हणाली. "तुमच्या हातून बांगडी फुटत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दुसरी फुटली तेव्हा कळलं तुम्ही काय करताय. तिसरीला मीच मूठ आवळली."

 गुंडप्पांनी हिरव्या बांगड्यांची माळ खाली काढली आणि तिचे दोन्ही हात भरले. एकही फुटली नाही.  

मायलेकी गेल्यावर त्यांनी मला ही सगळी हकिकत सांगितली. मला माझी फार लाज वाटली. मी हात पुढं केला.

"माझं माप आठवतं का, गुंडप्पा?"

"दोन-सहा," ते लगेच म्हणाले. हात हातात घेऊन त्यांनी जरा चाचपला. "मूठ सोडा, बाई."