एस्तेरच्या गळ्यातली माळ

पाळकसाहेबांचं पत्र आलं तेव्हा मी ओटीवर मनुका निवडत बसले होते. आमची कर्जतची मंडळी लहानशी. रेल्वेत कामाला असलेली काही ख्रिस्ती कुटुंबं आणि आसपासच्या गावांतली चार-दोन. पाळकसाहेब दर तीन महिन्यांनी गाडीने येत आणि त्या रविवारी प्रभुभोजन होई, म्हणजे येशूची आठवण म्हणून सगळे पाव आणि द्राक्षारस घेत. द्राक्षारसासाठी मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, स्वच्छ फडक्यातून गाळायच्या, हे काम माझ्याकडे होतं. चटया झटकणं, पाव आणणं, शाब्बाथशाळेत पोरांकडून वचनं पाठ करून घेणं, कोणी आजारी पडलं तर भेटून येणं, हेही माझ्याकडेच. घरी हे म्हणायचे, "तुझ्यावाचून मंडळीचं पान हलत नाही." ते चेष्टेनं म्हणत, पण मला ते खरंच वाटायचं. तर पत्रात असं लिहिलं होतं, की सगुणाबाईनं येत्या रविवारी मंडळीसमोर येऊन आपल्या अपराधाची कबुली दिली नाही, तर तिचं नाव मंडळीतून काढावं लागेल, आणि हा निरोप सेविका या नात्यानं मी स्वतः तिच्या घरी जाऊन सांगावा. वाचता वाचता मी मनुकांचं ताट बाजूला सारलं. कारण सगुणाबाईवर ही वेळ आणली होती ती मीच.

सगुणाबाईचा नवरा खालापूरच्या कचेरीत शिपाई होता. खालापूरच्या बाहेर एका वाडीत त्यांचं घर. आश्विनात तिच्या मुलीला, एस्तेरला, कावीळ झाल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले होते. पोर हळदीसारखी पिवळी पडलेली, डोळे उघडायचंही त्राण नाही, आणि गळ्यात काड्याकाड्यांची एक माळ. डोंगरातल्या ठाकरांकडे काविळीवर अशी माळ देतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती मंतरून देतात हेही सगळ्यांना ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं. मी माळेकडे पाहिलं आणि सगुणाबाईनं मला पाहताना पाहिलं. तिला काही न विचारता मी प्रार्थना करून, गुळाचा खडा तोंडात टाकून परत आले, आणि त्याच आठवड्यात मंडळीच्या पंचांना सांगितलं की सगुणाबाई भगताकडे गेली.

पंचांनी तिला बोलावलं. ती म्हणाली, "औषध व्हतं त्ये. दुसरं कायबी नाय." तेव्हा मी उठून म्हटलं, "मंत्र घातल्याशिवाय कोणी माळ देतं का?" माझ्या शब्दाला वजन होतं. मी जुनी, शिकलेली, मंडळीचं एवढं करणारी. पंचांनी तिला प्रभुभोजनातून दूर ठेवलं आणि कबुली देईपर्यंत मागे बसायला सांगितलं. ती एक-दोनदा येऊन मागे बसलीही. मग यायचीच बंद झाली. पोर बरी झाली हे कळलं तेव्हा मी देवाचे आभार मानले, पण सगुणाबाईला भेटायला काही गेले नाही. तिनं कबुली दिली की सगळं पूर्ववत होईल, असं मी मनाला समजावत राहिले.

पत्र आलं मंगळवारी. बुधवारी मला पापड लाटायचे होते. गुरुवारी ह्यांचा सदरा शिवायचा राहिला होता. खरं सांगायचं तर पापडही थांबले असते आणि सदराही. मला तिच्या दारात उभं राहायची भीती वाटत होती. ती काय म्हणेल, दार लावून घेईल का, आणि ती आली नाही तर रविवारी मंडळीच्या वहीत तिच्या नावावर रेघ ओढताना मला तिथं बसून पाहावं लागेल, हेच डोक्यात घोळत होतं. प्रार्थनेला बसले की शब्द सुचेनात. "प्रभू, तिला सुबुद्धी दे" एवढंच तोंडून निघे, आणि ते म्हणताना माझं मलाच बरं वाटत नव्हतं. भाकरी करताना दोनदा हात भाजला. शेवटी शुक्रवारी सकाळी हे म्हणाले, "जायचं असेल तर आजच जा. उद्या जाऊन तिनं यायचं कधी?" तेव्हा कुठे मी खोपोलीच्या गाडीत बसले.

खोपोलीहून खालापूरला सरळ रस्ता आहे. त्या रस्त्यानं गेले असते तर दुपारच्या आत पोचले असते. मी मात्र डोंगराच्या पायथ्यानं जाणारी लांबची पायवाट धरली. सावली आहे, असं मनाशी म्हटलं. फाल्गुनात त्या वाटेला किती सावली असते ते तिकडच्या माणसाला विचारावं. पळस फुललेले, पान एक नाही. मला फक्त उशिरा पोचायचं होतं. भात कापून गेलेली शेतं, सुकलेले बांध, आणि मी मनात निरोपाची वाक्यं जुळवत चाललेली. "सगुणाबाई, पाळकसाहेबांनी सांगितलंय..." असं सुरू करावं, की आधी पोरीची चौकशी करावी? ह्या नादात एका बांधावरून उतरताना ढेकूळ निसटलं, पाय मुरगळला आणि मी खाली बसले ती बसलेच.

उठायला गेले तर डोळ्यांपुढे काजवे. घोटा बघता बघता सुजला. आजूबाजूला चिटपाखरू नाही. ऊन चढत होतं, जवळ पाणी नव्हतं, आणि ह्या वाटेनं मी आले हे कोणालाही माहीत नव्हतं, कारण मला ते कोणाला सांगायचंच नव्हतं. मी हाका मारल्या. मग हाका मारायची लाज वाटून गप्प झाले. मग भीती वाटून पुन्हा मारल्या. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मी म्हटलं, "प्रभू, मला काही नको, फक्त इथून उठव." त्या आठवड्यात मनापासून केलेली माझी पहिली प्रार्थना ती. बाकी सगळ्या दुसऱ्याला सुधारण्यासाठी होत्या.

थोड्या वेळानं डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक ठाकरीण वरून उतरताना दिसली. माझ्याच वयाची असेल. मला पाहून तिनं मोळी खाली टाकली, काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला आणि दाबून पाहिला. मी ओरडले. "मोडला नाय, मुरगाळलाय," ती म्हणाली. माझ्या हाताला धरून तिनं मला लंगडत लंगडत जवळच्या तिच्या झोपडीपर्यंत नेलं, आंब्याखाली बसवलं, पाणी पाजलं. मग कुडाजवळची निरगुडी ओरबाडून आणली, तव्यावर गरम केली आणि घोट्यावर बांधायला घेतली. आता सांगायला लाज वाटते, पण तशा वेदनेतही मी पाय मागे ओढला आणि विचारलं, "मंत्र नाही ना घालणार?"

ती आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग खो खो हसली. म्हणाली, "तुमी येशूवाल्या का गं बाये? समद्या सारख्याच. ती खालापूरची बी आशीच बोलली व्हती."

"कोण खालापूरची?" मी विचारलं खरं, पण विचारायच्या आधीच कोण ते मला कळलं होतं.

"ती गं, शिपायाची बाय. पोरीला कावीळ झाली व्हती तिच्या. घेटुळीच्या मुळ्यांची माळ केली मी. माळंला कुकू लावाया गेले, देवीचं नाव घ्याया गेले, तर हात धरला माझा. म्हनली, औशद दे, नाव माज्या देवाचं मी घेते. आन् हितंच गुडघ्यावर बसली, पोर मांडीवर घेऊन. लय येळ. मी बी मग गप बसले. कुनी आसं रडाया लागल्यावर आपन काय बोलायचं?" पाला बांधून होईपर्यंत ती बोलत होती. "आन् मंतर कसला त्यात! मुळ्या सुकल्या का माळ सैल पडती, खाली येती. लोकं म्हनतात कावीळ उतारली. पोर बरी हाय ना गं आता?"

मी मान हलवली. चार-पाच महिने मी जिला अपराधी ठरवलं होतं, ती ह्या अंगणात, माझ्यासारखी कोणीही बघायला नसताना, पोर मरणाच्या दारात असताना, प्रभूच्या नावाला चिकटून राहिली होती. आणि मी? माझा नुसता पाय मुरगळला होता. पुढे कित्येकांनी मला विचारलं, त्या बाईला देवानं धाडलं का म्हणून. मला काय ठाऊक? ती रोजच्यासारखी मोळी घेऊन खोपोलीला विकायला निघाली होती. तिची त्या दिवसाची विक्री माझ्या पायी बुडाली, तरी तिनं मला काठी तोडून दिली आणि खालापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत माझ्याबरोबर आली.

सगुणाबाई दारात तांदूळ पाखडत होती. मला लंगडताना पाहून तिनं सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. "माझं चुकलं, सगुणाबाई," मी म्हटलं. "ती माळ देणारी बाई मला आज भेटली. तिनं सगळं सांगितलं." मला वाटलं होतं ती रडेल, निदान तिचा चेहरा तरी सैल पडेल. ती शांतपणे म्हणाली, "मी सांगितलं व्हतं ना बाई तवा. औषध हाय म्हणून. माझं नाय ऐकलंत. वाटंवरच्या बाईचं ऐकलंत."

मी काठीला धरून दारातच उभी राहिले. एस्तेर बाहेर आली, चांगली धडधाकट, आणि मला पाट देऊन आत पळाली. सगुणाबाईनं पेज आणून दिली, नवऱ्याला सांगून खोपोलीपर्यंत बैलगाडी करून दिली. मी पाळकसाहेबांचा निरोप सांगितला आणि हेही सांगितलं की कबुली तिनं द्यायची नाही, ती मी देईन. "तू फक्त ये," मी म्हटलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. गाडी वळेपर्यंत मी मागे पाहत होते. ती पुन्हा तांदूळ पाखडायला बसली होती.

शनिवार कसा गेला सांगता येत नाही. मनुका उकळताना मला एकच भीती, ती आली नाही तर? माझ्या कबुलीनं वहीतलं नाव राहील, पण माणूस गेलेलं असेल, आणि ते मी घालवलेलं असेल. रविवारी उपासनेच्या आधी पाळकसाहेबांनी वही उघडली तेव्हा मी काठीवर भार देऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. न विचारता बोलले, माझ्या शब्दाला वजन आहे हे माहीत असून बोलले, तिनं खरं सांगितलं तेव्हा तिला खोटं पाडलं. पंच खाली पाहत होते. कोणी म्हणालं, बाईंनी चांगल्या हेतूनंच केलं होतं. मी म्हटलं, हेतूचं मला विचारू नका. मग पाळकसाहेबांनी वही मिटली, सगुणाबाई निर्दोष आहे असं जाहीर केलं, आणि मला म्हणाले, "पुढच्या प्रभुभोजनापर्यंत तुम्ही मागे बसा. काम दुसरं कोणी करील."

मी मागे दाराजवळच्या चटईवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत मी तिथे कधी बसले नव्हते. तिथून पुढचं सगळं लांब दिसतं आणि गायनात आपला आवाज एकटा पडतो. सगुणाबाई इथंच बसली होती, काहीही अपराध नसताना. पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली. ती आली नव्हती. उपदेश चालू असताना दारातला उजेड अडला. सगुणाबाई, आणि तिचा पदर धरून एस्तेर. पाळकसाहेब थांबले, हातानं त्यांनी तिला पुढे बोलावलं. बायकांनी सरकून पहिल्या ओळीत जागा केली. सगुणाबाईनं ती जागा पाहिली, मला पाहिलं, आणि माझ्या शेजारी चटईवर बसली. "पुढे जा," मी कुजबुजले, "तुझी जागा तिकडं आहे."

"राहू द्या," ती म्हणाली. "मला हितली सवय झाली हाय."

पाव घेऊन पंच तिच्यासाठी थेट मागे चालत आले. तिनं घेतला. मग पेला आला, तिनं घेतला. मला घ्यायची मनाई होती, माझे हात मांडीवर होते. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि तो तिनं शेवटपर्यंत काढला नाही. तेव्हा मला रडू कोसळलं, आणि मी ते आवरलं नाही.

मंडळीचं काम मी करते म्हणून मी मंडळीची, असा माझा समज होता. त्या दिवशी माझ्याकडे कसलंही काम नव्हतं, मान नव्हता, पावाचा तुकडाही नव्हता, तरी मला कोणी बाहेर टाकलं नव्हतं. ज्या वाटेनं मी जबाबदारी चुकवायला निघाले, त्याच वाटेवर प्रभूनं मला खाली बसवलं, त्याबद्दल मी त्याचे आभार मानते. त्या ठाकरणीचं नाव मी विचारलं नव्हतं. पुढे तिच्याकडे जाऊन विचारून आले. आणि सगुणाबाईनं मला क्षमा केली का, हे मी तिला कधी विचारलं नाही. पुढच्या तिमाहीला माझी शिक्षा संपली, तोवर दर रविवारी ती माझ्या शेजारीच बसत होती.