लीलाकाकूंचा सिलिंडर

लीलाकाकू रोज सकाळी सिलिंडरवर ओलं फडकं फिरवायच्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. वरचा भाग चटकन वाळतो, जिथवर गॅस आहे तिथवर ओल टिकते. "अजून आठ दिवस," असं त्या जाहीर करायच्या आणि ते सहसा खरं ठरायचं.

मोहन्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर राहत. त्यांच्याकडे दोन सिलिंडर, त्यातला भरलेला बिल्डिंगचाच म्हणा ना. "गॅस काय सांगून संपतो? ने, नि कुकर लाव आधी." आईच्या तेराव्याला पानं मांडली आणि आमचा गॅस संपला. भरलेला सिलिंडर तेव्हा दुसऱ्याच कुणी नेलेला. काकूंनी स्वतःचा अर्धा शिजलेला भात उतरवला, चालू सिलिंडर काढला आणि काकांना हाताशी घेऊन आमच्या दारात आणला.

विजेवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "लाईट म्हणजे रुसका जावई. ऐन पंगतीत उठून जाईल!"

मग पाईपचा गॅस आला. जुने सिलिंडर परत करायचे होते. एकट्या काकू अडून बसल्या. "पाईप रस्त्याखालून येतो रे सुधीर. रस्ता आपला आहे का?" मी सोसायटीचा सेक्रेटरी, शहाणा! हसलो आणि फॉर्मवर सही घेतलीच.

गेल्या मे महिन्यात रस्ता खोदताना पाईप फुटला. तीन दिवस गॅस बंद. घरोघरी इंडक्शन शेगड्या निघाल्या. काकूंकडे ती नव्हती. काका तोवर अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, मऊ पेजेशिवाय काही गिळता येत नसे. पहिल्याच दुपारी काकू तांदळाचं पातेलं घेऊन आमच्या दारात आल्या. बायको म्हणाली, "काकू, आमचंच व्हायचंय अजून. जरा वेळाने बघू." मी आतून ऐकलं आणि उठलो नाही. नंतर विसरलो. बाकीच्यांना वाटलं, दुसऱ्या कुणी दिलं असेल. काकांनी ते तीन दिवस पाण्यात कालवलेल्या बिस्किटांवर काढले. मला त्याची आजही लाज वाटते.

महिन्याभरात काकू काकांना घेऊन बदलापूरला लेकीकडे कायमच्या निघाल्या. टेम्पोत सामान चढलं. मी उगाच पुढे झालो. म्हटलं, "काकू, काही लागलं तर सांगा हं."

माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "सांगितलेलं की रे."